29 एप्रिल, 10 जुलै, 9 एप्रिल, 11 डिसेंबर: दोन मराठा पलटणींच्या चार तारखा

जुना_नकाशा
गुरु, 10/07/2025 - 08:40

आज 10 जुलै. सकाळपासून दोन-तीन ग्रुपवर नाईक यशवंत घाडगे यांचा फोटो आलाय, खाली 'विनम्र अभिवादन' आणि हात जोडलेले, बस. अभिवादन करायलाच हवं, त्याबद्दल तक्रार नाही, पण त्या दिवशी झालं काय, ते कुठल्या पलटणीत होते, त्या पलटणीवर आधी काय गुदरलं होतं आणि नंतर ती कुठे पोचली हे कुणीच लिहीत नाही. म्हणून हा धागा.

मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या पलटणी जुन्या, पण त्यांचे नंबर इतक्या वेळा बदललेत की वाचणारा गोंधळतो. पहिल्या महायुद्धात 103, 105, 110, 114, 116, 117 असे नंबर होते. 1922 च्या फेररचनेत सगळ्या 5 व्या मराठा रेजिमेंटमध्ये आल्या. त्यात 103 ची झाली पहिली पलटण, हीच जंगी पलटण, आणि 110 ची झाली तिसरी. ह्या दोघी लक्षात ठेवा, बाकी सगळं ह्यांच्याभोवतीच आहे.

पहिली तारीख 29 एप्रिल 1916, जागा मेसोपोटेमियातलं (आताचं इराक) कूत. ब्रिटिश जनरल टाउनशेंड बगदाद घ्यायला निघाला होता, बगदादजवळच्या टेसिफोनला मार खाऊन मागे फिरला आणि टायग्रिसच्या वळणात वसलेल्या कूत गावात अडकला. 7 डिसेंबर 1915 ला तुर्कांनी वेढा घातला. आत 103, 110 आणि 117 अशा तीन मराठा पलटणी होत्या. वेढा 147 दिवस चालला. सोडवायला आलेली फौज खालच्या बाजूला पुन्हा पुन्हा अडवली जात होती आणि आत शिधा संपत आला होता. गोरे सैनिक घोड्याचं मांस खात होते, आपल्यातल्या बहुतेकांनी ते बरेच दिवस नाकारलं, नंतर स्कर्व्हीने ('क' जीवनसत्त्व न मिळाल्याने होणारा रोग) हिरड्या सुजून रक्त यायला लागलं. विमानातून पिठाची पोती टाकायचा प्रयत्न झाला, जव दळायला जात्याचे दगडसुद्धा विमानातून टाकले. शेवटी 29 एप्रिलला शरणागती. सगळे मिळून जवळपास 13,000 माणसं कैदेत गेली, वाळवंटातून चालवत नेली, वाटेत आणि छावण्यांत हजारो मेली. टाउनशेंडला मात्र इस्तंबूलजवळच्या बेटावर बंगला मिळाला. हे वाचलं की आजही डोकं तापतं.

म्हणजे दोन्ही पलटणी अख्ख्या बुडाल्या. पुन्हा उभ्या केल्या त्या नव्या भरतीतून, त्याच गावांतून, कोकण, सातारा, नगर, पुणे.

आता आजची तारीख, 10 जुलै 1944. इटली, वरच्या तैबर नदीचं खोरं, मोंतोने गावाचा परिसर. तिसरी पलटण (म्हणजे जुनी 110) डोंगरांतून उत्तरेकडे सरकत होती, समोर जर्मन. नाईक (हा लष्करातला हुद्दा) घाडगे यांच्या हाताखाली एक रायफल सेक्शन, म्हणजे छोटी तुकडी, होता. अगदी जवळून मशीनगन सुरू झाली आणि सेक्शनमधले सगळे एकतर मेले किंवा जखमी झाले, उभे राहिले ते एकटे घाडगे. मागून कुणी येणार नाही हे त्यांना दिसत होतं. ते तसेच मशीनगनवर धावून गेले, ग्रेनेड टाकून गन आणि गनर गप्प केला, एकाला टॉमीगनने (हातातली छोटी मशीनगन) मारलं, मॅगझिन संपलं, बदलायला वेळ नव्हता, म्हणून बंदूक नळीकडून धरली आणि दस्त्याने उरलेल्या दोघांना लोळवलं. मोर्चा त्यांनी एकट्याने घेतला आणि त्याच मोर्चात स्नायपरच्या गोळीने गेले. वय 22. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस, ब्रिटिशांचं शौर्यासाठीचं सर्वोच्च पदक. ओळखता येईल अशी कबर नाही, नाव इटलीतल्या कॅसिनो गावच्या युद्धस्मारकावर कोरलेलं आहे. गाव पळसगाव, तालुका माणगाव, तेव्हाचा कुलाबा जिल्हा, आताचा रायगड. माणगावात तहसील कचेरीच्या आवारात पुतळा आहे, मुंबई-गोवा रस्त्याने जाणारे कितीतरी लोक माणगावात चहाला थांबतात आणि पुतळा न बघता पुढे जातात, जमलं तर पाच मिनिटं काढा.

जरा कामाला बसायचंय, नामदेव जाधवांचं संध्याकाळी लिहितो.

कोकणवाट
गुरु, 10/07/2025 - 10:05

माणगाव माझ्या रोजच्या रस्त्यावर आहे, पुतळा बघितलाय पण हे सगळं माहीतच नव्हतं, फक्त 'व्हिक्टोरिया क्रॉस विजेते' एवढंच वाचलेलं. एकटा उरलेला माणूस मागे फिरला असता तरी त्याला कुणी बोल लावला नसता हो. लिहीत राहा.

स्पष्टच_बोलतो
गुरु, 10/07/2025 - 11:20

माहिती चांगली आहे पण एक प्रश्न विचारतो, राग मानू नका. ही सगळी माणसं इंग्रजांच्या साम्राज्यासाठी लढली. 1944 म्हणजे चले जाव होऊन दोन वर्षं झालेली, साताऱ्यात प्रतिसरकार चालू होतं, तुरुंग भरलेले होते. आपण ह्या तारखा आपल्या म्हणून का पाळायच्या? शौर्याबद्दल शंका नाही, पण ते कुणासाठी होतं हे विचारायला हवं ना.

कृष्णाकाठची
गुरु, 10/07/2025 - 12:48

@स्पष्टच_बोलतो, प्रश्न रास्त आहे आणि टाळूही नये. पण मी सातारा जिल्ह्यातली आहे म्हणून सांगते, आमच्याकडे ह्या दोन्ही गोष्टी एकाच पंचक्रोशीत, कधीकधी एकाच घरात होत्या. एक भाऊ भूमिगत, दुसरा पलटणीत. आमच्याकडचं अपशिंगे गाव तर नावातच मिलिटरी लावतं, पहिल्या महायुद्धात त्या एका गावचे 46 जण गेले. लोक भरती व्हायचे ते इंग्रजांच्या राजावर प्रेम होतं म्हणून नाही. कोरडवाहू जमीन, दोन-तीन भावांत वाटलेली, पाऊस नाही, आणि महिन्याला येणारी मनीऑर्डर. त्यावर घर चालायचं, बहिणींची लग्नं व्हायची, विहीर खोदली जायची. साम्राज्याने त्यांना वापरलं हे खरंच आहे आणि ते मोठ्याने म्हणावं, कूतमध्ये तर उघड उघड वाऱ्यावर सोडलं. पण म्हणून त्यांची तारीख आपण सोडून दिली तर त्यांच्याकडे दुसरं कोण बघणार? इंग्रज बघतील आणि ते त्यांच्या पद्धतीने बघतील. शिवाय इटलीत समोर कोण होतं हेही विसरू नका, हिटलरची फौज होती.

स्पष्टच_बोलतो
गुरु, 10/07/2025 - 13:30

ताई, मनीऑर्डरचा मुद्दा पटला. साम्राज्याचा गौरव आणि सैनिकाची आठवण वेगळी ठेवून लिहिलं तर माझी हरकत नाही. कूतबद्दल असंच सडेतोड लिहिलंय ते आवडलं.

निवृत्त_सुभेदार
गुरु, 10/07/2025 - 15:15

मी मराठा लाइट इन्फन्ट्रीतूनच रिटायर झालो. लेखकाने मॅगझिनचा उल्लेख केला त्यावर थोडं सांगतो, म्हणजे तरुण पोरांना समजेल. टॉमीगनचं मॅगझिन वीस किंवा तीस राउंडचं, ट्रिगर दाबून धरला तर दोन-तीन सेकंदांत रिकामं. बदलायचं म्हणजे जुनं काढा, पाऊचमधून नवं घ्या, बसवा, दोन्ही हात लागतात, नजर हलते. शत्रू दोन पावलांवर असताना तेवढा वेळ नसतो. आणि नुकतीच फायर केलेली बंदूक नळीकडून उघड्या हाताने धरायची म्हणजे हाताची कातडी भाजते. त्या माणसाने ते सगळं एका क्षणात ठरवलं. ट्रेनिंगने हात चालतो, पण असा निर्णय ज्याचा त्यालाच घ्यावा लागतो.

आणखी एक तारीख जोडा. आमचा रेजिमेंटल डे 4 फेब्रुवारीला असतो. 4 फेब्रुवारी 1670 ला तानाजी मालुसरेंनी कोंढाणा घेतला तो दिवस. बेळगावच्या सेंटरला आणि जिथे जिथे पलटणी असतील तिथे साजरा होतो. घाडगे असोत की जाधव, सगळे 'बोल श्री छत्रपती शिवाजी महाराज की जय' म्हणतच पुढे गेले.

लाटांवरची
गुरु, 10/07/2025 - 16:02

धागा पलटणींचा आहे तरी राहवत नाही म्हणून लिहिते. आमचं घर नेव्हीचं. 4 डिसेंबरला नेव्ही डे म्हणून गेटवेवर रोषणाई बघायला सगळे जातात, कराचीवरच्या मिसाइल बोटींच्या हल्ल्याची ती तारीख. पण 9 डिसेंबर कितीजणांना माहीत आहे? 1971 च्या त्या रात्री दीवजवळ समुद्रात पाकिस्तानी पाणबुडीने आयएनएस खुकरी बुडवली, 18 अधिकारी आणि 176 नौसैनिक गेले, कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला जहाजाबरोबरच राहिले. जिंकल्याची तारीख आणि गमावल्याची तारीख ह्यांच्यात फक्त पाच दिवस. तुम्ही यादीची सुरुवात कूतच्या शरणागतीने केलीत हे म्हणून मला फार योग्य वाटलं.

जुना_नकाशा
गुरु, 10/07/2025 - 21:10

सगळ्यांचे आभार. सुभेदार साहेब, तुमच्या प्रतिसादाने धागा वर गेला. लाटांवरची ताई, खुकरीवर तुम्हीच एक स्वतंत्र धागा काढा, मनापासून सांगतो.

आता 9 एप्रिल 1945. पलटण पहिली, म्हणजे जुनी 103, जंगी पलटण. जागा इटलीतलीच पण वेगळी, उत्तरेकडे रोमान्याच्या सपाटीवरची सेनिओ नदी. नदी तशी लहान. खरी अडचण तिच्या बांधांची. पूर अडवायला दोन्ही काठांवर मातीचे उंच बांध घातलेले, जर्मनांनी ते आतून पोखरून त्यात मशीनगनचे मोर्चे केले होते, उतारावर सुरुंग पेरले होते. सगळा हिवाळा दोन्ही फौजा असल्या नद्यांवर अडून बसल्या होत्या. 9 एप्रिलला ब्रिटिशांच्या आठव्या आर्मीचा शेवटचा मोठा हल्ला सुरू झाला, दुपारी बॉम्बर विमानं, मग तोफा, आणि संध्याकाळी पायदळ पाण्यात उतरलं.

शिपाई नामदेव जाधव कंपनीचे रनर होते. नदी ओलांडताना मशीनगनने पार्टी जवळपास संपवली. कंपनी कमांडर आणि आणखी दोघं जखमी, बाकी बरेच मेले. जाधवांनी एका जखमीला उचललं, खोल पाण्यातून, चढ्या बांधावरून आणि सुरुंगांच्या पट्ट्यातून मागे आपल्या बाजूला सुखरूप पोचवलं, परत आले आणि दुसऱ्याला तसंच नेलं. वर मॉर्टर आणि मशीनगन चालूच. तिथे थांबले असते तरी पुष्कळ होतं. ते तिसऱ्यांदा नदी ओलांडून आले आणि मशीनगनच्या मोर्च्यावर एकटेच गेले. हाताला जखम झाली, टॉमीगन चालवता येईना, फेकून दिली आणि ग्रेनेड घेतले. ग्रेनेड संपले की मागे जाऊन आणखी आणायचे. असे तीन मोर्चे एकट्याने बंद केले. मग बांधाच्या माथ्यावर उघड्यावर उभे राहून, मॉर्टरचा मारा चालू असताना, महाराजांचा जयजयकार केला आणि मागच्या कंपन्यांना हात करून पलीकडे बोलावलं. त्या एका माणसामुळे पलटणीला नदीपलीकडे पाय रोवता आला. जाधवांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, आणि त्याच दिवशी त्याच सेनिओवर केलेल्या पराक्रमासाठी 8 व्या भारतीय डिव्हिजनमधल्या अली हैदर यांनाही. इटलीत एकूण 20 व्हिक्टोरिया क्रॉस दिले गेले, त्यातले 6 भारतीय सैनिकांचे.

जाधव जगले. गाव निमज, तालुका संगमनेर, जिल्हा अहमदनगर (आता अहिल्यानगर). पुढे हवालदार झाले, 1984 साली गेले. आणि हे बघा, घाडगेंचा जन्म 16 नोव्हेंबर 1921, जाधवांचा 18 नोव्हेंबर 1921. सह्याद्रीच्या दोन बाजूंना दोन दिवसांच्या अंतराने जन्मलेली ही पोरं, एकाच रेजिमेंटमध्ये गेली आणि नऊ महिन्यांच्या अंतराने एकाच देशात त्यांनी हे केलं.

भटकी_सावली
शुक्र, 11/07/2025 - 07:55

रात्री झोपताना वाचलं आणि मग झोपच लागेना. रनरचं काम नक्की काय असतं? आणि शीर्षकात 11 डिसेंबर लिहिलंय ते अजून आलंच नाही.

निवृत्त_सुभेदार
शुक्र, 11/07/2025 - 09:20

रनर म्हणजे निरोप्या. कंपनी कमांडरच्या जवळ राहायचं, वायरलेस बंद पडला किंवा तार तुटली की प्लाटूनपर्यंत निरोप घेऊन पळायचं आणि उत्तर घेऊन यायचं. चपळ आणि डोकं शांत असलेला पोरगा निवडतात. मोर्च्यावर चालून जाणं हे त्याचं कामच नाही, तरी जाधव गेले कारण पुढे जायला दुसरं कुणी उरलं नव्हतं.

जुना_नकाशा
शुक्र, 11/07/2025 - 22:30

@भटकी_सावली, 11 डिसेंबर आता. ही सगळी तारखांची माळ मला ज्याच्यासाठी लिहायची होती ते इथे आहे.

स्वातंत्र्यानंतर तिसरी पलटण पॅराशूट पलटण होती, 50 पॅरा ब्रिगेडमधून 1948 ला जम्मू-काश्मीरमधल्या झांगरला लढली. 1952 मध्ये तिला पॅराशूट रेजिमेंटमध्ये घेतलं आणि नाव झालं 2 पॅरा. म्हणजे कूतची 110, तीच घाडगेंची तिसरी मराठा, तीच 2 पॅरा. पहिली मात्र मराठा रेजिमेंटमध्येच राहिली, जंगी पलटण म्हणूनच.

1971. जंगी पलटण लेफ्टनंट कर्नल कुलदीपसिंग ब्रार यांच्या हाताखाली, ब्रिगेडियर हरदेवसिंग क्लेर यांच्या 95 माउंटन ब्रिगेडमध्ये, मेघालयाच्या बाजूने पूर्व पाकिस्तानात उतरली. वाटेत ब्रह्मपुत्रेच्या काठी जमालपूर, तिथे पाकिस्तानची 31 बलूच पलटण पक्की बसलेली. समोरून धडक मारायच्या ऐवजी आपल्या लोकांनी नदी ओलांडून वळसा घातला आणि जमालपूरच्या दक्षिणेला, टांगाईल-ढाक्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर ठाण मांडलं. 9 डिसेंबरला क्लेर यांनी शरण या म्हणून चिठ्ठी पाठवली, एक मुक्तियोद्धा (बांगलादेशाच्या स्वातंत्र्यासाठी लढणारा) ती घेऊन गेला. बलूचच्या कर्नल सुलतान अहमदने उत्तरात बंदुकीची गोळी गुंडाळून पाठवली आणि लिहिलं की पेनाऐवजी हातात स्टेनगन घेऊन भेटा. 10 तारखेच्या रात्री ते लोक ठाणं सोडून दक्षिणेकडे निसटायला निघाले आणि अंधारात थेट मराठ्यांच्या मोर्च्यांवर येऊन आदळले. रात्रभर लढाई चालली, पहाटेपर्यंत पाकिस्तानची ती पलटण मोडलेली होती. 11 ला सकाळी जमालपूर पडलं.

त्याच 11 डिसेंबरच्या दुपारी, दक्षिणेला टांगाईलवर, आकाश छत्र्यांनी भरलं. 2 पॅरा, लेफ्टनंट कर्नल कुलवंतसिंग पन्नू. काम होतं लोहजंग नदीवरचा पुंगली पूल धरायचा, म्हणजे उत्तरेकडून ढाक्याला मागे हटणारी पाकिस्तानी ब्रिगेड पुलावर अडेल. संध्याकाळीच पूल ताब्यात आला, रात्री पाकिस्तान्यांनी तो परत मिळवायचे प्रयत्न केले, ते मोडून काढले. पॅराट्रूपर हलक्या हत्याराने, मोजक्या दारूगोळ्याने उतरतात, जमिनीवरून कुणीतरी लवकर येऊन भिडलं नाही तर अडचणीत येतात. 12 तारखेला उत्तरेकडून रस्त्याने येऊन पुंगलीला त्यांना मिळाली ती जंगी पलटण.

आता परत वाचा. 103 आणि 110. एकत्र कूतमध्ये उपाशी राहिल्या, एकत्र कैदेत गेल्या, इटलीत दोघींनी एकेक व्हिक्टोरिया क्रॉस मिळवला, आणि 55 वर्षांनी पूर्व बंगालमधल्या एका पुलावर पुन्हा एकमेकींना भेटल्या. ह्या वेळी स्वतःच्या देशाच्या झेंड्याखाली. चार दिवसांनी, 16 डिसेंबरला, 2 पॅरा ढाक्यात शिरणारी पहिली पलटण होती. स्पष्टच_बोलतो, कुणासाठी ह्या तुमच्या प्रश्नाला माझ्याकडे एवढंच उत्तर आहे, की पलटण साम्राज्यापेक्षा जास्त टिकली.

स्पष्टच_बोलतो
शनि, 12/07/2025 - 08:15

पुंगलीचं हे माहीत नव्हतं. टांगाईलची छत्रीउडी वाचली होती पण जमिनीवरून येऊन मिळालेली पलटण कुठली, आणि तिचं आणि 2 पॅराचं नातं काय, हे कुठेही जोडून वाचलं नव्हतं. मानलं.

उंब्रियाकर
शनि, 12/07/2025 - 14:40 (इटलीहून)

नोकरीनिमित्त मी पेरुजियाला राहतो. मोंतोने इथून उत्तरेला, उंबेर्तिदेच्या जवळ, टेकडीवरचं तटबंदीचं छोटं गाव आहे, खाली तैबरचं खोरं पसरलेलं. 2023 च्या जुलैमध्ये तिथे घाडगेंच्या नावाने एक सौरघड्याळ उभारलं, त्याच्यावर लॅटिनमध्ये लिहिलंय की आपण सगळे एकाच सूर्याखाली राहतो. गावच्या नगरपालिकेने आणि इथल्या इतिहासप्रेमी लोकांनी पुढाकार घेतला, भारतीय लष्कराचा फलकही आहे. मी गेलो तेव्हा एका आजोबांनी मला कुठून आलात विचारलं, भारतातून म्हटल्यावर त्यांनीच हात धरून नेऊन दाखवलं. इकडे कुणी फिरायला आलात तर रोम-फ्लोरेन्सच्या मध्ये एक दिवस काढा, गाडी घेऊनच या, बसच्या भरवशावर राहू नका. आणि फोर्लीला फक्त भारतीय सैनिकांसाठीचं युद्ध स्मशान आहे, दफन झालेल्यांच्या कबरी आणि दहन झालेल्यांच्या नावांचं स्मारक, तेही बघा.

कोकणवाट
शनि, 12/07/2025 - 18:20

आमच्या आजीचे काका 'लढाईत गेले' एवढंच घरात बोललं जातं, कुठे गेले, कधी गेले कुणाला ठाऊक नाही. शोधायचं असेल तर कुठून सुरुवात करू?

जुना_नकाशा
रवि, 13/07/2025 - 09:45

@कोकणवाट, कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनची वेबसाइट आहे, फुकट आहे. तिथे आडनावाने शोधा, पण इंग्रजी स्पेलिंग तीन-चार प्रकारे घालून बघा कारण तेव्हाच्या कारकुनाने कानाला ऐकू आलं तसं लिहिलंय, जाधवमधला एच बऱ्याचदा गायब असतो. बऱ्याच नोंदींत वडिलांचं नाव, गाव आणि जिल्हाही दिलेला असतो, जिल्हा मात्र जुना असतो, म्हणजे रायगड शोधू नका, कुलाबा शोधा, आणि सिंधुदुर्ग म्हणजे तेव्हाचा रत्नागिरी. पहिल्या महायुद्धातले मेसोपोटेमियात गेलेले असतील तर बसरा स्मारकाच्या यादीत बघा, दुसऱ्यातले इटलीतले असतील तर कॅसिनो, फोर्ली आणि सांग्रो. घरात जुनं मेडल असेल तर त्याची कड भिंगाने तपासा. पहिल्या महायुद्धाच्या मेडलवर कडेला नंबर, नाव आणि पलटण कोरलेली असते. पलटण कळली की अर्धं काम झालं. पलटणीचं नाव मिळालं की इथेच लिहा, पुढचं आपण मिळून शोधू.

आणि सुभेदार साहेब, 18 मार्च 1948 च्या झांगरवर वेगळा धागा काढतोय, ब्रिगेडियर उस्मान आणि 50 पॅरा ब्रिगेडसकट. तिसऱ्या पलटणीबद्दल तुमच्या सीनियर लोकांकडून ऐकलेलं काही असेल तर त्यात नक्की लिहा.